शहराची सनद तपासताना: चार्टर रिव्ह्यूबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत दर काही वर्षांनी नागरिकांचा एक आयोग बसतो आणि शहराची सनद, म्हणजे सिटी चार्टर, वाचून तिच्यात कुठे दुरुस्ती हवी ते सुचवतो. तिथे राहणाऱ्या मराठी माणसाची या प्रकाराशी गाठ दोनच ठिकाणी पडते. एक तर नोव्हेंबरच्या मतपत्रिकेच्या तळाशी 'चार्टर अमेंडमेंट' म्हणून चार-सहा प्रश्न दिसतात, नाही तर कुणीतरी म्हणतं, "आयोगासाठी अर्ज कर की!" दोन्ही वेळी जे प्रश्न पडतात त्यांची ही उत्तरं.

सिटी चार्टर म्हणजे नक्की काय?

शहराची राज्यघटना म्हणा. मेयरला काय अधिकार, काउन्सिलवर किती जण, ते कसे निवडून येतात, बजेट कोण मांडतं, हिशेब कोण तपासतं, निवडून दिलेल्या माणसाला मुदतीआधी घरी कसं पाठवायचं, हे सगळं तिच्यात असतं. काउन्सिल रोजचे नियम करते त्यांना ऑर्डिनन्स म्हणतात. (शब्दकोशात ऑर्डिनन्ससमोर 'अध्यादेश' दिसेल, त्याने फसू नका. आपल्याकडचा अध्यादेश राष्ट्रपती किंवा राज्यपाल काढतात. हा काउन्सिलने केलेला साधा स्थानिक कायदा आहे.) ऑर्डिनन्स काउन्सिलच्या बहुमताने बदलतो. सनदेतला महत्त्वाचा बदल बहुतेक ठिकाणी मतदारांनी हो म्हटल्याशिवाय होत नाही. हा फरक पक्का लक्षात ठेवा, पुढची निम्मी उत्तरं त्यावरच उभी आहेत.

सगळ्याच शहरांना सनद असते असं मात्र नाही. शिकागोएवढ्या शहराला ती नाही. तिथला कारभार राज्याचे कायदे आणि काउन्सिलचे नियम यांवर चालतो.

शहराला स्वतःची सनद लिहायचा अधिकार कुठून आला?

अमेरिकेच्या संघीय घटनेत शहरांचा उल्लेखच नाही. १८६८ मध्ये आयोवातले न्यायाधीश जॉन डिलन यांनी निवाडा दिला की शहर हे राज्याचं लेकरू, राज्याने दिले तेवढेच अधिकार त्याला. हाच 'डिलनचा नियम'. त्यावर उतारा म्हणून 'होम रूल'ची कल्पना आली. मिसुरीने १८७५ च्या राज्यघटनेत शहराला स्वतःची सनद लिहायची मुभा दिली आणि पुढच्याच वर्षी सेंट लुइसने ती वापरली. नंतर एकेक राज्य त्या वाटेने गेलं. टेक्ससमध्ये ही मुभा ५,००० पेक्षा जास्त वस्तीच्या शहरांना आहे, आणि तिथे सनदेला दोन वर्षांत एकदाच हात लावता येतो.

होम रूल असला तरी राज्याचा कायदा डोक्यावर असतोच. आयोगाने सहा महिने घाम गाळून एखादी कल्पना घडवायची आणि वकिलाने म्हणायचं, "हे राज्याच्या कायद्यात बसत नाही." असं होतं. म्हणून वकील पहिल्या बैठकीपासून हवा.

मुंबई-पुण्यात असं काही आहे का?

नाही. मुंबई महापालिका १८८८ च्या अधिनियमावर चालते, राज्यातल्या बाकीच्या महापालिका १९४९ च्या. दोन्ही विधिमंडळाचे कायदे. नागरिकांचा त्यावर थेट कौल होत नाही.

आयोगावर माणसं कोण नेमतं?

गावागणिक वेगळा रिवाज. न्यूयॉर्कमध्ये मेयर ९ ते १५ जणांचा आयोग नेमू शकतो. मिनियापोलिसमध्ये १५ सदस्य जिल्हा न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश नेमतात. डेट्रॉइटमध्ये २०१८ साली मतदारांनी नऊ जण निवडून दिले. ओरेगॉनातल्या पोर्टलंडमध्ये काउन्सिल २० जणांचा आयोग नेमते, दर दहा वर्षांतून निदान एकदा. लॉस एंजेलिसमध्ये १९९० च्या दशकात मेयर आणि काउन्सिल यांचं जमेना, म्हणून एक नेमलेला आणि एक निवडून आलेला असे दोन आयोग शेजारी शेजारी बसले. शेवटी दोघांनी मसुदे जुळवून एकच सनद मतदारांपुढे ठेवली, ती जून १९९९ मध्ये मंजूर झाली. १९२५ च्या सनदेला तेव्हा निरोप मिळाला.

नेमणूक कुणाच्या हातात आहे यावरून आयोगाचा कल आधीच ओळखू येतो, हे कुणी उघड बोलत नाही इतकंच. न्यूयॉर्कच्या कायद्यात तर एक गंमत आहे: मेयरच्या आयोगाचे प्रश्न ज्या निवडणुकीत मतपत्रिकेवर असतील, त्या निवडणुकीत सनदेबद्दलचे काउन्सिलचे किंवा नागरिकांच्या अर्जातून आलेले प्रश्न मागे पडतात. त्यामुळे तिथे नवा आयोग जाहीर झाला की जाणकार आधी विचारतात, "आता कोणता प्रश्न अडवायचाय?"

अर्ज करायचा असेल तर अटी आपल्या शहराच्या क्लार्कच्या (हा कारकून नव्हे, शहराचं दप्तर सांभाळणारा अधिकारी) कार्यालयातून विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी नोंदणीकृत मतदार असणं लागतं, म्हणजे अमेरिकेचं नागरिकत्व आलंच. काही ठिकाणी रहिवासी असलं तरी पुरतं.

पहिले दोन-तीन महिने काय करायचं?

वाचायचं. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही. सनद एका बैठकीत वाचून होत नाही, म्हणून प्रकरणं वाटून घ्यावीत.

मग माणसांशी बोलायचं. मेयर आणि काउन्सिलचे सदस्य हौसेने येतातच. खरी माहिती मिळते ती क्लार्क, अर्थखात्याचे अधिकारी, अंतर्गत लेखापरीक्षक आणि निवृत्त झालेले विभागप्रमुख यांच्याकडून. त्यांना "काय बदलावं?" असं विचारू नका; प्रत्येक जण आपल्या खात्याचं घोडं दामटेल. त्यापेक्षा विचारा, "सनदेतलं कोणतं कलम तुम्हाला वळसा घालून जावं लागतं?" रोजच्या कामात जिथे आडवाट पडली आहे, तिथे मूळ रस्त्यात काहीतरी खोट असते. या एका प्रश्नातून दहा जनसुनावण्यांइतका मसाला मिळतो.

जमलेल्या सूचनांचे तीन ढीग करावेत. पहिला, खरोखर सनद बदलायला हवी असे विषय. दुसरा, ऑर्डिनन्सने भागेल असे. तिसरा, नुसती झाडलोट: रद्द झालेल्या खात्यांची नावं, चुकलेले कलम-क्रमांक, 'तो' म्हणजे फक्त पुरुष असं गृहीत धरणारी भाषा. पहिला ढीग सगळ्यांत लहान निघाला तर काम बरं चाललंय असं समजा.

सनदेत काय असावं आणि काय नसावं?

आयोगाचं सगळ्यांत अवघड काम हेच. सदस्य उत्साहाने येतात आणि प्रत्येकाला आपला आवडता विषय सनदेत कोरायचा असतो. कारण सरळ आहे: तिथे गेलेलं काउन्सिलला सहज काढता येत नाही. पण जे सहज काढता येत नाही ते चुकीचं निघालं तरी निघत नाही.

सॅन अँटोनियोचं उदाहरण घ्या. तिथल्या १९५१ च्या सनदेत काउन्सिल-सदस्याचं मानधन आकड्यात लिहिलं होतं: बैठकीमागे २० डॉलर. त्या काळी कुणाला खटकलं नसेल. महागाई वाढली, शहर देशातल्या सर्वांत मोठ्या शहरांत गेलं, काम पूर्ण वेळेचं झालं, मानधन मात्र २० डॉलरच. ज्याच्याकडे घरचा पैसा किंवा सवडीचा धंदा आहे त्यानेच काउन्सिलवर यावं, असा त्याचा अर्थ झाला. मतदारांनी ते बदललं २०१५ मध्ये, सहा दशकांनंतर: सदस्याला वर्षाला ४५,७२२ डॉलर, मेयरला ६१,७२५. गंमत अशी की तेव्हाही आकडाच लिहिला गेला, आणि २०२४ मध्ये तो वाढवायला पुन्हा मतदारांपुढे जावं लागलं. आकड्याऐवजी पद्धत लिहिली असती, म्हणजे पगार कोण ठरवेल आणि कोणत्या निकषावर, तर ही फेरी वाचली असती.

एखाद्या खर्चासाठी बजेटचे ठरावीक टक्के राखून ठेवायची कलमंही याच जातीची. ग्रंथालयाला, उद्यानाला, मुलांच्या योजनांना असा वाटा सनदेत मागितला जातो, आणि प्रत्येक मागणी सुटी पाहिली तर रास्तच वाटते. पण असे पाच-सहा वाटे झाले की मंदीच्या वर्षी उरलेल्या खात्यांवरच कुऱ्हाड पडते. माझं मत विचाराल तर राखीव टक्केवारीला आयोगाने आधी नाही म्हणावं आणि मग पटवून घ्यावं.

असायलाच हवं ते थोडं: सत्तेची वाटणी, निवडणुका, पैशावरचा लगाम, नीतिनियम आणि सनद बदलायची रीत. नमुना पाहायचा असेल तर नॅशनल सिव्हिक लीग ही संस्था १९०० पासून आदर्श सनद छापत आली आहे. नववी आवृत्ती २०२१ ची. ती जशीच्या तशी उचलायची नसते, पण आपल्या सनदेत काय जास्तीचं भरलंय ते तिच्याशेजारी ठेवलं की लगेच दिसतं.

मेयरच्या हाती सत्ता असावी की सिटी मॅनेजरच्या?

या प्रश्नावर आयोग फुटतात, म्हणून थोडा इतिहास. सप्टेंबर १९०० मध्ये टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टनला वादळाने झोडपलं, हजारो माणसं गेली. शहर पुन्हा उभारायला १९०१ मध्ये नवी पद्धत आणली: निवडून आलेला प्रत्येक कमिशनर एकेक खातं स्वतः चालवणार. संकटात ती चालली आणि शेकडो शहरांनी उचलली. पुढे लक्षात आलं की पाणीखात्याचा राजा आणि रस्तेखात्याचा राजा एकमेकांशी बोलत नाहीत. दरम्यान व्हर्जिनियातल्या स्टॉन्टनने १९०८ मध्ये पगारी व्यवस्थापक, म्हणजे सिटी मॅनेजर, नेमून पाहिला, आणि १९१३ च्या पुरानंतर ओहायोतल्या डेटनने तीच वाट धरली. आपल्याकडचे महापालिका आयुक्त डोळ्यांपुढे आणा, फरक एवढाच की सिटी मॅनेजरला राज्य सरकार पाठवत नाही; त्याला काउन्सिलच नेमते आणि काउन्सिलच काढते.

पोर्टलंडने कमिशनर-पद्धत १९१३ मध्ये घेतली आणि बाकीच्या मोठ्या शहरांनी सोडल्यावरही धरून ठेवली. २००७ मध्ये मतदारांनी ती बदलायला नकार दिला, पण त्याच वेळी दर दहा वर्षांनी आयोग बसवायला मान्यता दिली. त्याच कलमाखाली बसलेल्या आयोगाने २०२२ मध्ये पद्धत मोडीत काढायची शिफारस केली आणि ती मंजूर झाली. आता तिथे चार विभागांतून तीन-तीन असे बारा काउन्सिलर आणि कारभाराला व्यावसायिक प्रशासक.

कोणती पद्धत श्रेष्ठ, यावर रात्री जागवण्यात अर्थ नाही. आपल्या शहरात काम कुठे अडतं ते आधी शोधा. मॅनेजर मेयरचं ऐकत नाही ही बहुधा दोन माणसांची कटकट असते. तिच्यासाठी सनद बदलू नये.

निवडणुकीची पद्धत बदलता येते का?

येते, पण संघीय घटना आणि मतदान हक्क कायदा यांच्या चौकटीत. न्यूयॉर्कच्या 'बोर्ड ऑफ एस्टिमेट'वर, म्हणजे बजेट आणि जमिनीचा वापर ठरवणाऱ्या मंडळावर, शहराच्या पाच बरोंच्या (भागांच्या) अध्यक्षांना प्रत्येकी एक मत होतं. ब्रुकलिनची वस्ती बावीस लाखांच्या घरात, स्टेटन आयलंडची साडेतीन लाख, तरी वजन सारखं. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. आयोगाला घाईने नवी रचना उभी करावी लागली: बोर्ड गेलं, काउन्सिल ३५ वरून ५१ वर गेली. त्याच शहरात प्राथमिक निवडणुकांना (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) पसंतीक्रमाचं मतदान आणणारी दुरुस्ती २०१९ मध्ये मंजूर झाली, तीही आयोगाच्याच शिफारशीवरून.

बैठका खुल्या असाव्या लागतात का?

हो. कॅलिफोर्नियात खुल्या बैठकांसाठी १९५३ चा ब्राउन अॅक्ट आहे. नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लागावी लागते. नवे सदस्य सापडतात ते ईमेलमध्ये. एकाने सगळ्यांना मत कळवायचं, बाकीच्यांनी 'रिप्लाय ऑल' करायचं, आणि बहुमताची चर्चा लोकांच्या नजरेआड उरकायची, हा भंगच. व्हॉट्सअॅपचा ग्रुप काढायचा मोह आवरा.

सुनावणीला लोकच येत नाहीत, काय करावं?

येत नाहीत हे खरंच. मंगळवारी संध्याकाळी सहाला सिटी हॉलमध्ये 'चार्टर' या विषयावर कोण येणार? येतात ते नेहमीचे सातजण, आणि त्यांना काय म्हणायचंय ते सगळ्यांना पाठ असतं. सनदेचं नाव न काढता प्रश्न विचारला तर माणसं बोलतात: "तुमच्या भागाचा काउन्सिलर कोण ते ठाऊक आहे का? खड्ड्याची तक्रार कुणाकडे करता?" आयोगाने लोकांच्या ठरलेल्या बैठकांना जावं, आपली नवी बैठक भरवू नये. दुभाषा हवा असेल तर आधी कळवावं लागतं, तेवढं जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापा.

शिफारस कशी लिहावी?

तीन गोष्टी एकत्र द्याव्यात: आजचं कलम, खोडलेलं आणि नवं दाखवणारी प्रत, आणि साध्या भाषेत कारण. 'करावं', 'करता येईल' आणि 'केलंच पाहिजे' यांतला फरक कोर्टात लाखमोलाचा असतो, म्हणून अंतिम मसुदा वकिलाने लिहावा. पण अर्थ बदलला नाही ना, हे आयोगाने ओळीओळीने पाहावं. शब्द बदलला की ज्या-ज्या कलमात तो येतो ती सगळी कलमं शोधायची. हे काम कुणालाच आवडत नाही आणि चुका तिथेच होतात. मिनियापोलिसने सगळी सनदच साध्या भाषेत पुन्हा लिहून काढली आणि २०१३ मध्ये मतदारांकडून मंजूर करून घेतली. अशा कामाला खरी दाद द्यावी.

जे सदस्य सहमत नाहीत त्यांचं भिन्नमत अहवालाला जोडा. दडपलं तर ते वर्तमानपत्रात येतं.

सगळ्या दुरुस्त्या एका प्रश्नात घालाव्यात की वेगवेगळ्या?

डेट्रॉइटच्या आयोगाने शंभरहून जास्त पानांची नवी सनद एकाच 'हो की नाही'त मांडली. राज्यपालांनी मसुद्याला मान्यता दिली नाही, प्रकरण मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, प्रश्न मतपत्रिकेवर राहिला, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये मतदारांनी तो मोठ्या फरकाने फेटाळला. त्यातल्या चांगल्या कल्पनाही बुडाल्या. त्याच वर्षी मिनियापोलिसमध्ये मेयरला बळ देणारा प्रश्न आणि पोलीस खात्याच्या जागी नवं खातं आणणारा प्रश्न वेगळे होते. पहिला पास झाला, दुसरा पडला. दुसऱ्याच्या शब्दरचनेवरून तर मतदानाच्या तोंडावर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं.

टेक्ससमध्ये एका दुरुस्तीत एकच विषय, असा कायदाच आहे. जिथे नाही तिथेही तोच नियम पाळावा, अपवाद फक्त एकमेकांवाचून अर्थ नसलेल्या बदलांचा. कॅलिफोर्नियात मतपत्रिकेवरच्या प्रश्नाला ७५ शब्दांची मर्यादा आहे. तेवढ्यात सांगता येत नसेल तर तो बहुधा एक प्रश्न नसतो.

आमची शिफारस काउन्सिल फेकून देऊ शकते का?

आयोग केवळ सल्लागार असेल तर हो, आणि देते. न्यूयॉर्कमध्ये आयोगाचे प्रश्न थेट मतपत्रिकेवर जातात. पोर्टलंडमध्ये २० पैकी १५ जणांनी पाठिंबा दिला तर थेट मतदारांकडे, कमी पडले तर काउन्सिलच्या मर्जीवर. २०२२ च्या प्रस्तावाला १७ मतं होती. तुमचा आयोग कोणत्या प्रकारचा ते शपथ घ्यायच्या आधी वाचा.

आयोगाने प्रचार करावा का?

माहिती द्यावी, मत मागू नये. शहराच्या पैशाने 'हो म्हणा' असं पत्रक छापता येत नाही. सदस्याने स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या खर्चाने काय करावं हा त्याचा प्रश्न.

मतदारांनी ठरवलेलं काउन्सिल नंतर बदलू शकते?

सहसा नाही, पण राज्याचा कायदा बघा. न्यूयॉर्कच्या मतदारांनी १९९३ मध्ये दोनच कार्यकाळांची मर्यादा घातली, १९९६ मध्ये ती सैल करायला नकार दिला. २००८ मध्ये काउन्सिलने २९ विरुद्ध २२ मतांनी स्वतःच तिसरा कार्यकाळ देऊन टाकला, आणि कोर्टाने ते चालवून घेतलं. २०१० मध्ये आयोगामार्फत प्रश्न परत मतदारांकडे आला, ते पुन्हा दोनवर आले. या वेळी विद्यमान सदस्यांना स्वतःच्या फायद्यासाठी मर्यादा बदलता येणार नाही, अशी पाचरही मारली.

दुरुस्ती मंजूर झाली, मग काम संपलं?

आयोगाचं संपतं, शहराचं सुरू होतं. जुन्या पदांवरच्या माणसांचं काय, नवे मतदारविभाग कोण आखणार, चालू करारांवर सही कुणाची, हे संक्रमणाच्या कलमांत आधीच लिहिलेलं हवं. पोर्टलंडने मत दिलं नोव्हेंबर २०२२ ला, नवी काउन्सिल बसली जानेवारी २०२५ मध्ये. मधली दोन वर्षं तयारीत गेली.

आणि मंजूर मजकूर छापील सनदेत गेला का, ते क्लार्ककडे जाऊन डोळ्यांनी पाहा. लॉस एंजेलिस काउंटीच्या सनदेचा किस्सा ताजा आहे. २०२० मध्ये मतदारांनी 'मेझर जे' (मेझर म्हणजे मतपत्रिकेवरचा प्रस्ताव) मंजूर करून काही निधी समाजकार्यासाठी राखला, पण तो मजकूर सनदेच्या प्रतीत उतरवायचा राहून गेला. २०२४ मध्ये 'मेझर जी' आला, त्याने त्याच भागाचा मजकूर बदलला, आणि मसुदा करताना हाताशी होती ती जुनी प्रत. काउंटीचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या सुपरवायझरांची संख्या पाचवरून नऊ करायला हो म्हणताना 'जे' रद्द होतोय, हे मतदारांच्या गावीही नव्हतं. २०२५ च्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, तोवर निकाल लागून कित्येक महिने झाले होते.